नेदरलँड्समधून सांगलीला कॅनव्हास पाठवायचे आहेत: चौकटीसकट, की गुंडाळून?

प्रश्न थोडक्यात असा. मूळचे सांगलीतल्या विश्रामबागचे, सध्या नेदरलँड्समध्ये स्थायिक असलेले एक चित्रकार येत्या हिवाळ्यात सांगलीत प्रदर्शन भरवायचं म्हणतात. पंधरा-सोळा कॅनव्हास तयार आहेत. बहुतेक तैलरंगातले, थोडे ॲक्रिलिक, सगळ्यात मोठा १५० बाय १२० सेंटिमीटर. ते चौकटीसकट पाठवावेत की काढून गुंडाळावेत? कस्टममध्ये किती जाईल? दोन-चार चित्रं विकली गेली तर चालेल का? आई-वडील इथेच असतात, पार्सल ते घेतील, असंही त्यांनी लिहिलंय.

सांगलीत चित्रांच्या फ्रेमा करणं, प्रदर्शनं उभी करणं, बाहेरून आलेला माल उघडून भिंतीवर चढवणं आणि उरलेला परत बांधून देणं हा माझा धंदा. त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो. कलेबद्दल बोलायचा अधिकार तुमचा.

गुंडाळून पाठवा. चौकटी इथे करून घ्या. आणि चित्रं विकायची आहेत की नुसती दाखवायची आहेत, हे ती तिथून हलायच्या आधी ठरवा. या तिसऱ्या गोष्टीकडे सगळे शेवटी वळतात, आणि खोळंबा होतो तो तिथेच.

आधी भाड्याचं गणित बघा, म्हणजे गुंडाळण्याचा आग्रह का ते कळेल. विमानाने जाणारा माल नुसत्या वजनावर नव्हे, जागेवरही मोजला जातो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि एअर कार्गोला ६००० ने, कुरिअरला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. तुमच्या मापाचे दहा कॅनव्हास चौकटीसकट एका खोक्यात बसवले, तर खोकं साधारण १६५ बाय १३५ बाय ७५ चं होईल. म्हणजे एअर कार्गोच्या हिशेबाने जवळजवळ २७८ किलो. आत लाकूड आणि कापड मिळून भरणार त्याच्या निम्मंही नाही. तेच कॅनव्हास गुंडाळून १४० बाय ३० बाय ३० च्या दोन खोक्यांत घातले, तर एकेक २१ किलो, दोन्ही मिळून ४२. फरक इतका मोठा आहे की त्या पैशांत इथे सगळ्या चौकटी करून, वर प्रदर्शनाचा हॉल निघावा.

शिवाय लाकडी खोक्याला स्वतःचे नियम असतात. पॅकिंगचं साधं लाकूड देशाबाहेर जाताना ते आतपर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं आणि त्यावर तसा शिक्का लागतो. शिक्का नसलेलं खोकं बंदरावर अडतं. प्लायवूडला हा नियम लागू नाही. त्यामुळे एखाद-दुसरं चित्र खोक्यातूनच पाठवणं भाग असेल, तर खोकं निव्वळ प्लायचं करा. त्याला आधाराला साध्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्यात, की शिक्का आलाच.

आता कुठलं चित्र गुंडाळता येतं आणि कुठलं नाही, ते. रंगाचा जाड थर असलेलं, सुरीने लोण्यासारखा रंग चढवलेलं चित्र गुंडाळू नका. त्याला चौकटच हवी. तैलरंग हाताला कोरडा लागतो म्हणजे आतून वाळला असं नाही. पातळ थराला काही महिने, मध्यम थराला सहा महिने ते वर्ष धरा. ऑक्टोबरात संपवलेलं चित्र डिसेंबरात गुंडाळून पाठवायच्या भानगडीत पडूच नका. आणखी एक, जे रंगाच्या दुकानात सहसा कोणी सांगत नाही: झिंक व्हाइट, म्हणजे जस्ताचा पांढरा रंग. तेलातला झिंक काही वर्षांत कडक आणि ठिसूळ होतो. तुमच्या जुन्या कॅनव्हासांत खालचा थर झिंकचा असेल, तर गुंडाळताना तडे जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथे. टायटॅनियम व्हाइट म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्येही बऱ्याच कंपन्या झिंक मिसळतात. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत पी डब्ल्यू ४ असं असेल, तर तो झिंक.

ॲक्रिलिकचं दुखणं वेगळं. ते वाळतं लवकर, पण वाळल्यावरही प्लॅस्टिकच. थंडीत, साधारण दहा अंशांच्या खाली, ते ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं. उन्हात मऊ होऊन चिकटतं. तुमच्याकडे जानेवारीत न तापवलेल्या गॅरेजमध्ये गुंडाळलेलं ॲक्रिलिक आणि इथे एप्रिलात गाडीच्या डिकीत पडलेलं ॲक्रिलिक, दोन्ही वाया. गुंडाळायचं काम घरात, खोली नीट गरम असताना करा. इथे आल्यावर चित्रं गुंडाळलेली नळी निदान एक दिवस तशीच खोलीत ठेवायची. मालाच्या विमानातून आलेली वस्तू उतरल्या उतरल्या उघडायची नसते.

गुंडाळताना रंग बाहेरच्या बाजूला. हे सांगितलं की निम्मे लोक दचकतात, कारण आपला हात आपोआप चित्र आत घेतो, जणू झाकून ठेवल्यावर ते सुरक्षित. होतं उलटं. रंग आत असला की थर दाबला जातो, सुरकुततो आणि कॅनव्हासवरून सुटून वर येतो. बाहेर असला की थर किंचित ताणला जातो. सूक्ष्म तडा गेलाच, तर कॅनव्हास सपाट केल्यावर त्याच्या कडा पुन्हा एकमेकींना येऊन भिडतात. नाटक कंपन्यांचे रंगवलेले पडदे पूर्वी दांड्यावर गुंडाळून गावोगाव फिरायचे, असं इथली जुनी मंडळी सांगतात. पण पडद्याचा रंग पातळ, कॅनव्हासमध्ये मुरलेला. त्यावरून तैलरंगाचा हिशेब करू नका.

नळी जाड हवी. पोस्टर घालायची तीन इंची नळी तैलचित्राला चालत नाही. किमान १५ सेंटिमीटर व्यास, २० असेल तर उत्तम. तुमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ड्रेनेजचा १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सहज मिळतो; त्यावर आधी स्वच्छ कागदाचा एक वेढा द्या, मग चित्र. दोन चित्रांच्या मध्ये सिलिकॉन लावलेला रिलीज पेपर. ॲक्रिलिकला तर तोच, कारण ग्लासिन, म्हणजे नेहमीचा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, उष्णतेने त्याला चिकटू शकतो. एका नळीवर चार-पाचपेक्षा जास्त कॅनव्हास घेऊ नका. बाहेरून कागद, त्यावर प्लॅस्टिक, आणि मगच बबल रॅप. रंगाला बबल रॅप थेट लागता कामा नये. माझ्या टेबलावर आलेल्या एका ॲक्रिलिकवर, निळ्या सपाट आकाशात, बबलचे गोल ठसे ओळीने उठले होते, एकही रांग चुकलेली नाही. पुसून जात नाहीत ते. चित्रकाराने शेवटी आकाश पुन्हा रंगवलं.

ही भरलेली नळी खोक्यात अधांतरी बसली पाहिजे. दोन्ही टोकांना थर्माकोलच्या किंवा फोमच्या जाड चकत्या, नळीची तोंडं त्यांत रुतलेली, म्हणजे खोकं कसंही आपटलं तरी भार नळीवर येतो, रंगावर नाही. ही एक गोष्ट जमली की बाकी निम्मं काम झालं.

चौकटीतून काढताना कॅनव्हासची वळवलेली कड कापू नका. तीच आम्हाला इथे धरायला लागते. चारही बाजूंना किमान दोन इंच, अडीच असेल तर आम्ही दुवा देऊ. नवीन चित्रं सुरू करणार असाल, तर प्रदर्शन सांगलीत आहे हे लक्षात ठेवून माप घ्या: एक बाजू ९० सेंटिमीटरच्या आत ठेवलीत तर कड धरून एक मीटर होतं, आणि १०५ सेंटिमीटरची नळी पुरते. बहुतेक विमान कंपन्या चेक-इन सामानाला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा ठेवतात. १०५ अधिक २५ अधिक २५, एकूण १५५. म्हणजे ती चित्रं तुम्ही येताना बरोबर आणू शकता. अर्थात विमानतळावर कस्टमच्या रेड चॅनेलमधून, म्हणजे माल जाहीर करून, कागद दाखवून. ग्रीनमधून निघून जायचा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्याचं ऐकू नका. पकडलं तर चित्रंही अडकतात आणि उद्घाटनही.

कस्टमकडे वळू. कस्टमच्या यादीत चित्रांचं खातं ९७०१: पूर्णपणे हाताने केलेली चित्रं, रेखाटनं. या खात्यावर जीएसटी पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. मूळ सीमाशुल्क १० टक्के, त्यावर अधिभार, आणि किंमत धरून या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. हिशेब सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत जातो. तो चित्राच्या एकट्या किमतीवर नाही, किंमत अधिक भाडं अधिक विमा यांवर. दर बजेटमध्ये हलतात, म्हणून माल बांधायच्या आठवड्यात कस्टम ब्रोकरला पुन्हा विचारा. मुंबईत जुनी मंडळी त्यांना अजून सीएचए म्हणतात.

कागदावर काय लिहिता यावर बरंच अवलंबून आहे. 'रंगवलेला कॅनव्हास' असं चुकूनही लिहू नका. नाटकाचे पडदे आणि स्टुडिओतले पार्श्वपडदे यांना कस्टमच्या यादीत कापडाच्या प्रकरणात स्वतंत्र जागा आहे आणि त्यांचा दर वेगळा. विष्णुदास भाव्यांच्या गावात पाठवताय म्हणून कस्टमवाला तुमच्या चित्रांना पडदे समजायला नको! 'कलाकाराने स्वतः हाताने केलेलं मूळ तैलचित्र, कॅनव्हासवर, चौकटीविना' असं इंग्रजीत प्रत्येक चित्रापुढे लिहा. सोबत शीर्षक, वर्ष, माप, माध्यम, किंमत आणि अंगठ्याएवढा फोटो. मशीनवर काढलेले प्रिंट, मग ते कॅनव्हासवर असोत की सही-नंबरचे, या खात्यात बसत नाहीत. ते नळीत मिसळू नका. पंधरा मूळ चित्रांत दोन प्रिंट सापडले की अधिकारी पंधराकडेही त्याच नजरेने बघतो.

किंमत खरी लिहा. 'प्रत्येकी १० युरो' लिहिण्याची एक खोड असते. तुमच्या इन्स्टाग्रामवर त्याच चित्राखाली ८०० युरो लिहिलेलं कस्टमवाल्याला पाच मिनिटांत सापडतं. आणि नळी हरवली तर विमा कंपनी तुम्हाला दहा युरोच देणार. इन्व्हॉइस, विमा आणि प्रदर्शनातली किंमतयादी, तिन्ही एकमेकांशी जुळायला हवीत. विमा घेताना भिंतीवरून निघून भिंतीवर परत येईपर्यंतचा घ्या. या धंद्यात त्याला नेल-टू-नेल म्हणतात. नुसता विमानप्रवासाचा विमा स्वस्त पडतो, पण चित्राला इजा होते ती शेवटच्या चारशे किलोमीटरमध्ये.

विकायचं की दाखवायचं, आता त्याबद्दल. नुसती दाखवून परत न्यायची असतील, तर एटीए कार्ने, म्हणजे तात्पुरत्या आयातीचा परवाना, हा मार्ग आहे. तुमच्याकडच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडून तो मिळतो, भारतात त्याची हमी फिक्की ही उद्योगांची संघटना घेते. शुल्क भरावं लागत नाही, पण यादीतली प्रत्येक वस्तू ठरल्या मुदतीत परत गेली पाहिजे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. मांडणी तीच: वस्तू पाहुणी, परतीची तारीख ठरलेली. कार्नेवर आलेलं चित्र उद्घाटनाच्या दिवशी कुणी पाहुण्याने मागितलं, तर तुम्हाला ते देता येणार नाही, त्याने रोख पुढे केली तरी.

संग्रहालयात किंवा कलादालनात लोकांना पाहण्यासाठी मांडायच्या कलाकृतींना शुल्कात सूटही आहे. पण ती अटींची आहे, आणि भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल किंवा मंगल कार्यालय त्यात बसवायचा प्रयत्न करू नका. भारतीय कलाकाराने परदेशात केलेली कामं, तो कायमचा परत येताना किंवा आल्यानंतर आणणार असेल, तर त्यासाठीही वेगळी तरतूद आहे; तुम्ही परत येणार नसाल तर ती तुमच्या कामाची नाही.

तुम्ही स्वतःच 'दोन-चार विकली तर' असं लिहिलंय, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: शुल्क भरून सगळी आणा. नसेल परवडत, तर दोन वाटे करा. मोठी, विकायची नसलेली, कार्नेवर. लहान, विकायची, शुल्क भरून. सांगलीत विकली जातात ती लहानच. इथे चित्र घेणारा माणूस कोण? मिरज-सांगलीचे डॉक्टर, नवी कन्सल्टिंग रूम सजवणारे, बंगल्याचं आतलं काम चालू असलेला एखादा द्राक्षबागाईतदार, आर्किटेक्ट. दोन बाय अडीच फुटांपर्यंतचं चित्र ते उभ्या उभ्या घेतात. पाच बाय चारचं बघतात, मनापासून बघतात, फोटो काढून घेतात, आणि भिंत नाही म्हणतात.

विकायचा माल आई-वडिलांच्या नावावर मागवू नका. घरगुती वापराची वस्तू मागवायला आधार-पॅनचं केवायसी पुरतं. विक्रीसाठी आयात करणाऱ्याकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो. तो डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या साइटवर पॅनवरून निघतो, फी ५०० रुपये. प्रदर्शन भरवणारी संस्था किंवा व्यक्ती तो काढून ठेवेल आणि माल तिच्या नावाने येईल. विक्रीचं बिलही तिनेच करावं. तुमचा वाटा तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यात. तिथून पैसे बाहेर नेता येतात, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, म्हणजे तुमची-माझी काळजी मिटली. पण बँक सीएचं प्रमाणपत्र मागते, म्हणून सीएला प्रदर्शनाच्या आधी भेटा. ७० वर्षांच्या वडिलांनी मुंबईत सहारच्या एअर कार्गोवरून आलेल्या फोनला 'ऑनरेबल असेसिंग ऑफिसर' अशा भाषेत उत्तरं देत बसावं, हे काही बरं नाही.

तुमच्या बाजूचा एक कागद लोक विसरतात. तिथून माल निघताना युरोपची निर्यात नोंद नीट करून घ्या, चित्रांची यादी तिला जोडलेली. न विकली गेलेली चित्रं तीन वर्षांच्या आत, होती तशी परत आणली तर तिथे पुन्हा शुल्क लागत नाही. पण हीच ती चित्रं, हे दाखवता आलं पाहिजे. प्रत्येक कॅनव्हासच्या मागे शीर्षक, क्रमांक आणि सही करा. पेन्सिलने किंवा मऊ मार्करने, कडेच्या भागात, कारण बॉलपेन दाबलं की पुढच्या बाजूला रेघ उमटते. सांस्कृतिक वस्तूंच्या निर्यात परवान्याची धास्ती घेऊ नका. तो पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि चित्रकाराच्या स्वतःच्या मालकीत नसलेल्या चित्रांसाठी असतो. आपल्याकडून परत जाताना कधी कधी 'ही प्राचीन वस्तू नाही' असा दाखला मागतात. कायद्याने शंभर वर्षांच्या वरची ती प्राचीन, पण खिडकीवरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा तारखांची यादी पुढे केलेली बरी.

मुंबईत माल सुटला की तो सांगलीला कसा येतो? लक्झरी बसच्या डिकीत टाकून द्या, सकाळी मिळेल, असं सगळेच सांगतात. हळदीच्या पोत्यांना ते ठीक. डिकी तापते, आणि नळीवर रात्री कुणाची मोटारसायकल चढेल सांगता येत नाही. मोठी गाडी करा, मागच्या सीटा पाडा, नळ्या आडव्या, खाली गादी, पट्ट्याने बांधून. पेठ नाक्याला हायवे सोडला की ड्रायव्हरला सांगा, घाई नाही.

आल्यावर ठेवायचं कुठे, हा प्रश्न सांगलीत नुसता जागेचा नाही. पावसाळ्यात ठेवायचीच वेळ आली तर गावभाग, मारुती चौक, स्टँडच्या आसपास तळमजला नको. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी पाणी ती ओलांडून घरात आलं. तुमचं विश्रामबागचं घर, वरचा मजला, आतली भिंत, जमिनीपासून वीतभर उंच फळी. बाहेरच्या भिंतीला टेकवलं की मागून ओल चढते, आणि वाळवी लाकूड सोडत नाही. कुणी तरी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ओळख आहे म्हणून सुचवेल. सांगली-तासगावकडे ती ढीगभर आहेत. चित्र म्हणजे बेदाणा नव्हे. थंड गोदामातून बाहेर काढलं की रंगावर दव धरतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ तुम्ही बरोबर निवडलाय. हवा कोरडी, लोक बाहेर पडतात. माल मात्र उद्घाटनाच्या निदान तीन आठवडे आधी सांगलीत यायला हवा. त्याचं कारण चौकटी.

गुंडाळलेला कॅनव्हास उघडला की लगेच ताणत नाहीत. टेबलावर धुतलेली मलमल अंथरायची, त्यावर रिलीज पेपर, मग चित्र पालथं, आणि कडांवर, म्हणजे रंग नसलेल्या भागावर, सपाट वजनं. एक-दोन दिवस पडू द्यायचं. मग चौकट. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. आमच्याकडे जुना सागवान मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही, नाही तर पाइन. ओल्या लाकडाची चौकट महिन्याभरात पिळते आणि चित्राचा एक कोपरा भिंतीपासून सुटून पुढे येतो. पट्टीला आतल्या बाजूने उतार मारून घ्यायचा, म्हणजे कॅनव्हास फक्त बाहेरच्या कडेवर टेकतो. उतार नसला की पट्टीची कड वर्ष-दोन वर्षांत चित्रावर रेघ होऊन उमटते. तीन फुटांच्या वर गेलं की मध्ये आडवी पट्टी. सुताराला हे सगळं बोलून नाही, एक तुकडा हातात देऊन दाखवायचं. तो रोज दारं-खिडक्या करतो, उताराची पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर नसते.

ताणायचं मधून बाहेर. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग समोरासमोर दोन-दोन इंच सरकत कोपऱ्याकडे. चिमट्याने ओढताना विणीचा धागा पट्टीला समांतर राहतोय का ते बघायचं. धागा वाकडा गेला की चित्रातलं क्षितिजही कलतं, आणि तुमचं म्हणणं आम्ही चित्र बिघडवलं. ढोलासारखं ताणू नका असं मी माझ्या पोरांना सांगतो. कोपऱ्यात लाकडाच्या पाचरी ठेवायच्या, कारण जूनमध्ये हवा दमट झाली की कॅनव्हास सैल पडतो आणि पाचर हलकेच ठोकून तो सावरता येतो. पिना मारून, गोंद लावून कोपरे कायमचे बंद केलेल्या चौकटीला हा उपाय उरत नाही.

इथल्या हवेत तैलचित्र कसं टिकतं याची शंका असेल, तर सुट्टीत आलात की सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये तिथे श्री भवानी संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर, शिवाय युरोपातल्या चित्रांच्या नकला, सगळं एका टेकडीवर. चित्रं बघून झाली की तिरप्या उजेडात त्यांचे पृष्ठभाग बघा. कुठे बारीक जाळी पडलीय, कुठे वार्निश पिवळं झालंय, कुठे काहीही झालेलं नाही. रंगाचा थर आणि आपली हवा यांचं जमतं कसं, ते तिथे दिसतं. वार्निश, अर्थात, तुम्ही गुंडाळायच्या आधी लावू नका. नवं वार्निश गरमीत चिकटतं. इथे ताणून झाल्यावर, तैलरंग पुरता वाळला असेल तरच, हलका हात.

मुंबई सोडून सांगलीत प्रदर्शन का, असं तुम्हाला नातेवाइकांनी विचारलंच असेल. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे १९७२ पासून ऑस्लोला राहिले. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि २०१० मध्ये कायमचे परतले. अशा चित्रकारांची कामं इथे बघायची म्हणजे सांगलीच्या माणसाला मुंबई-दिल्ली गाठावी लागली, किंवा छापील फोटोवर भागवावं लागलं. परदेशी केलेलं मूळ चित्र हाताच्या अंतरावर आलं, तर कलाविश्व महाविद्यालयातली मुलं दोन-दोनदा येतील. त्यांच्यासाठी एक दुपार राखून ठेवा, आणि जमलं तर एक कॅनव्हास त्यांच्यासमोरच ताणू.

हॉल निवडताना भिंतीला खिळा मारू देतात का ते आधी विचारा. बहुतेक नाही म्हणतात. मग प्लायच्या उभ्या पॅनलवर राखाडी कापड, वरून तारेने टांगणी. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या किंचित खाली ठेवा, सगळ्या चित्रांचा एका रेषेत, वरच्या कडा जुळवायच्या नाहीत. ट्यूबलाइट समोरून आली की तैलचित्रावर पांढरा पट्टा दिसतो, म्हणून दिवे वरून, तीस अंशांच्या आसपास कललेले. पॅनलचं भाडं जानेवारीत वाढतं, लग्नाच्या मंडपवाल्यांकडूनच ते येतात. तारीख ठरली की लगेच सांगून ठेवा.

मला पाठवायचं ते एवढंच: प्रत्येक चित्राचा फोटो, रंग जिथे संपतो तिथपर्यंतचं माप, आणि कड किती आहे ते वेगळं. माप चारही बाजूंनी घ्या, दोन नाही, कारण घरी ताणलेला कॅनव्हास क्वचितच काटकोनात असतो. आणि आकड्यापुढे सेंटिमीटर की इंच ते लिहा. आमचा सुतार इंचात कापतो.